लाटण्याची सावली

आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या भिंतीवर, लाटण्याची सावली आहे. लाटणं तिथे क्वचितच असतं, सावली मात्र कायम. तिच्या शेजारी उलथन्याची सावली, मग झाऱ्याची, सांडशीची, किसणीची, आणि सगळ्यांत खाली डाव्या कोपऱ्यात सोऱ्याची. पांढऱ्या रंगवलेल्या प्लायवर एकेक वस्तू आडवी ठेवून, काळ्या मार्करने तिच्या कडेकडेने रेघ मारून आत राखाडी रंग भरलेला आहे. पहिल्यांदा घरी येणाऱ्याला वाटतं, इथे मोठा गुन्हा घडला असावा आणि सिनेमातल्या पोलिसांसारखी कुणीतरी प्रेतांची जागा आखून ठेवली असावी.

गुन्हा घडलाच आहे. तो ३१ मे रोजी घडला. त्या दिवशी हे निवृत्त झाले.

भोसरीच्या एमआयडीसीत ह्यांनी चौतीस वर्षं 'क्वालिटी'त काढली. कारखाना सुटला पण क्वालिटी सुटली नाही. सेंड-ऑफला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ लावायला म्हणून जे स्टुलावर चढले, ते वरून घराकडे नव्या नजरेने बघू लागले. कपाटांवरच्या बॅगा, बॅगांवरचे खोके, खोक्यांवरची धूळ. "हे असं चालत नाही," असं म्हणाले. मी म्हटलं, गेली एकतीस वर्षं चाललंय. "चाललंय आणि चालतं यात फरक आहे," असं म्हणून हे खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवशी घरात लॅमिनेशनचं मशीन आलं. आवरायच्या पहिल्या टप्प्यात घरात एक वस्तू वाढली, याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही. मीच ती इथे करून ठेवते.

ह्यांच्या कारखान्यात 'फाइव्ह एस' नावाचं व्रत पाळत. मूळ जपानचं, टोयोटाच्या कारखान्यांमुळे जगभर गेलेलं. रविवारी सकाळी चहाच्या वेळी आम्हाला त्याची दीक्षा मिळाली. सेइरी म्हणजे नको ते काढणं. सेइतोन म्हणजे राहिलेलं ज्याच्या त्याच्या जागी लावणं. सेइसो म्हणजे झाडलोट. सेइकेत्सु म्हणजे ही घडी मोडू नये म्हणून केलेले नियम, आणि शित्सुके म्हणजे ते नियम कुणी मागे न लागता पाळण्याची सवय. सासूबाईंनी बशीतला चहा संपेपर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीच्या आधी आपण करतो तेच की रे. तू तेव्हा ऑफिसात असायचास."

पण ह्यांच्या पद्धतीचा गाभा वेगळा होता. वाचायला लावायचं नाही, दाखवायचं. यादी लिहिली की ती वाचावी लागते, वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा जागेवर नसतो. म्हणून कारखान्यात हत्यारांच्या सावल्या रंगवलेले बोर्ड असतात. पाना जागेवर नसला की मोकळी सावली लांबूनच ओरडून सांगते. यंत्राशेजारी फोटो असतो: पाळी संपताना हे टेबल असं दिसलं पाहिजे. माणसाने फोटो बघायचा, टेबल बघायचं, फरक मिटवायचा आणि घरी जायचं. "डोळ्यांना कळलं पाहिजे, डोक्यापर्यंत जायची गरजच नाही," हे म्हणाले. या घरात आजवर कोणती गोष्ट डोक्यापर्यंत गेली होती, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण कुकरची शिट्टी झाली.

सेइरीचं हत्यार म्हणजे लाल चिठ्ठी. वर्षभरात जी वस्तू वापरली नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची, एका जागी जमा करायची, महिनाभर कुणी मागितली नाही तर बाहेर. (निवृत्त नवऱ्याच्याच गळ्यात ही चिठ्ठी बांधावी, हा विनोद आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायकांनी करून झालेला आहे. मी तो करत नाही.) एका शनिवारात ह्यांनी एकशे बारा चिठ्ठ्या संपवल्या. दुपारी घर एखाद्या नवसाच्या देवळातल्या झाडासारखं दिसत होतं. तांब्याच्या बंबाला चिठ्ठी, पाटा-वरवंट्याला चिठ्ठी, पुरणयंत्राला, कुकरच्या तीन सैल रिंगांना, आहेरात आलेल्या आणि अजून वेष्टणातच असलेल्या सात लेमन सेटना, श्रीखंडाच्या एकेचाळीस रिकाम्या डब्यांना मिळून एक.

मग सासूबाई काठी टेकत टेकत पाहणीला आल्या. वय ब्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं, आणि घरातली सुई कुठे आहे हे न बघता सांगणार.

"बंबाला काय झालं?"

"आई, बंब वापरात नाही. सोलरचं पाणी येतं आपल्याकडे."

"बंब वापरात नाही? मग त्यातले गहू कुठे ठेवणार?"

ह्यांनी बंबाचं झाकण काढलं. आत वीस किलो गहू होते, गव्हात कडुलिंबाचा पाला होता, आणि पाल्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सासूबाईंच्या दोन बांगड्या. पाटा-वरवंट्याने गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आठ वर्षं पहारा दिला होता. पुरणयंत्र वर्षातून एकदाच निघतं हे खरं, पण होळीही वर्षातून एकदाच येते, तिलाही चिठ्ठी बांधणार का, असा बिनतोड सवाल आला. श्रीखंडाच्या डब्यांबद्दल सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं एक झाकण उघडलं. आत दुसरा डबा होता, त्यात तिसरा, आणि तिसऱ्यात कुकरच्या शिट्ट्या.

संध्याकाळी एकशे बारापैकी एकशे सहा चिठ्ठ्या सुटल्या. उरलेल्या सहांत तीन रिंगा, एक छत्री, एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा अँटेना आणि ह्यांची सूटकेस. सुटलेल्या एकशे सहा चिठ्ठ्या "पुन्हा कधीतरी लागतील" म्हणून सासूबाईंनी रबर लावून ठेवून दिल्या. श्रीखंडाच्या डब्यात.

मात्र या मोहिमेत ह्यांना एक खजिना सापडला, तो भांड्यांवरच्या नावांचा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर दुकानदार त्या कुरकुरणाऱ्या मशीनने नाव घालून देतो, हे ह्यांना माहीत होतं, पण क्वालिटीच्या नजरेने त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. ताटावर 'चि. सौ. कां.'पासून पुढे सगळं नाव, प्रसंग, तारीख, कुणाकडून. "अगं, ही तर ट्रेसेबिलिटी आहे!" असं म्हणून हे ओट्याशीच मांडी घालून बसले आणि भांडी वाचू लागले. मोठ्या पातेल्यावर १९७४ सालची मुंज निघाली. घागरीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ. आमच्या पंचवीस वाट्यांपैकी अकरा आमच्या नव्हत्याच. त्यांच्यावर अशा माणसांची नावं होती, की ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो आणि ज्यांच्या घरी आमच्या अकरा वाट्या असणार, याबद्दल सासूबाईंना तिळमात्र शंका नव्हती. हे म्हणाले, त्या परत करायला हव्यात. सासूबाई म्हणाल्या, "रिकामी वाटी परत करत नाहीत. आधी त्यात घालायला काहीतरी कर." तेव्हापासून त्या वाट्या 'प्रलंबित' या फोटोखाली आहेत.

कारण आता फोटोंचा काळ सुरू झाला होता.

एका रविवारी सकाळी सहाला, मी उठायच्या आत, ह्यांनी ओटा पूर्ण रिकामा केला, पुसला, ट्यूबलाइट लावली आणि फोटो काढला. मी उठून दूध तापवायला गेले तर समोर लॅमिनेट केलेला कागद: 'हे असे दिसले पाहिजे.' फोटोत गॅस होता, टाइल्स होत्या आणि एक लिंबू होतं. लिंबू कशाला, विचारलं तर म्हणे प्रमाण कळावं म्हणून. मी म्हटलं, हा ओटा चांगला आहे, पण या ओट्यावर कुणी राहत नाही. हा नव्या इमारतीतल्या सँपल फ्लॅटमधला ओटा आहे, जिथे फ्रिजमध्ये प्लॅस्टिकची सफरचंदं असतात. आपल्या ओट्यावर सकाळी सात ते नऊ या वेळात कणीक, डबे, दूध, विरजण, भिजवलेली मटकी आणि त्या मटकीचा फोटो काढणारे तुम्ही असता. फोटो काढायचाच तर साडेआठचा काढा आणि खाली लिहा, 'हे असेच दिसणार.'

एकेक करत घरभर चित्रं लागली. चपलांच्या कपाटाला चपलांचं चित्र. औषधांच्या डब्याला सकाळ, दुपार, रात्र अशी सूर्यचंद्रांची चित्रं. ही मात्र सासूबाईंना आवडली आणि गोळी चुकायची थांबली, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. धुण्याभांड्याच्या ताईंनाही बोर्ड पसंत पडला. "काका, आता कुठं ठेवू विचारावं लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून ह्यांनी त्यांचा उल्लेख 'घरातली एकमेव प्रशिक्षित व्यक्ती' असा सुरू केला. १८९० सालापासून चालत आलेले मुंबईचे डबेवाले झाकणावरच्या रंगांच्या आणि आकड्या-अक्षरांच्या खुणांवर डबा बरोबर माणसापर्यंत नेतात आणि रिकामा डबा त्याच घरी परत आणतात, हे ह्यांनी त्यांना चहा देऊन समजावलं. ताईंनी ऐकून विचारलं, "मग आपला तो इडलीचा डबा तिसऱ्या मजल्यावरनं कधी येणार?"

घोटाळा झाला तो पांढऱ्या डब्यांपाशी. आपल्या घरांत डब्यावरचं नाव आणि आतला जिन्नस यांचा संबंध नसतो, हे कुणालाही ठाऊक आहे. आमच्याकडे बोर्नव्हिटाच्या बाटलीत मोहरी, कॉफीच्या बाटलीत सुंठ, आणि 'चहा' असं कोरलेल्या डब्यात १९९६ सालापासून हरभऱ्याची डाळ आहे. 'डाळ' कोरलेल्या डब्यात चहा. ह्यांनी ठरवलं, अक्षरांवर विश्वास नाही, प्रत्येक डब्यावर आतल्या जिन्नसाचा फोटो. दोन दिवस हे बशीत चिमूटभर जिन्नस घेऊन खिडकीच्या उजेडात फोटो काढत होते. हळद झकास आली. तिखट झकास आलं. मग मैदा, तांदळाची पिठी, पिठीसाखर, कॉर्नफ्लोअर आणि खायचा सोडा, असे पाच पांढरेशुभ्र लॅमिनेट केलेले चौकोन एका ओळीत लागले. शेजारी साखर आणि मीठ ही जुळी भावंडं. संकष्टीला उकड काढायला घेतली तेव्हा मी प्रशिक्षित व्यक्तीप्रमाणे चित्र बघून पिठी घेतली. जे झालं ते मोदक नव्हते. पातेलं उघडल्यावर सासूबाईंनी एक कण जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "कॉर्नफ्लोअर." मग त्यांनी पाचही डबे एकेका चिमटीत ओळखून दिले. बोटांत चोळून, न बघता. आमच्या घरातल्या सर्वांत अचूक तपासणी यंत्राला डोळे लागतच नाहीत, ही बाब ह्यांच्या मनाला फार लागली.

त्या रागातच ह्यांनी नवा बोर्ड केला. वर मथळा: 'मूर्खालाही समजेल असे स्वयंपाकघर.' सासूबाईंनी मला तो मोठ्याने वाचायला लावला. मग एवढंच म्हणाल्या, "मूर्ख कोण ते चित्र काढायचं राहिलं."

इथे मला ह्यांचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. टोयोटाच्या मंडळींबरोबर काम केलेला शिंगो शिगेओ नावाचा एक जपानी इंजिनिअर होता. चूक होऊच शकणार नाही अशा युक्त्या तो यंत्रांना बसवून द्यायचा आणि त्यांना 'बाका-योके' म्हणायचा. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे नाव ऐकून एका कामगार बाईला रडू आलं: मी काय एवढी मूर्ख आहे? शिंगो ओशाळला आणि त्याने नाव बदललं, 'पोका-योके'. पोका म्हणजे नजरचूक. मूर्ख माणूस गेला, चूक राहिली. ही गोष्ट मला ह्यांनीच लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी महाबळेश्वरला सांगितली होती, सूर्यास्त चालू असताना. मी ती जपून ठेवली होती, कधीतरी लागेल म्हणून. मथळा त्याच रात्री बदलला. आणि सासूबाईंना मी सांगितलं, की ह्यात ह्यांचा तरी काय दोष, मूर्खांची यादी करायची हौस आपल्याकडेही जुनीच. समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांना दिला आहे, आणि ती पुरली नाहीत म्हणून त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांसाठी वेगळा. सासूबाईंनी विचारलं, "ह्याला कोणत्या समासात घालायचं?" आम्ही दोघी बराच वेळ विचार करत बसलो. बरं वाटलं.

याद्यांचं आम्हाला वावडं नाही, हे मी ह्यांना पुष्कळदा सांगितलं. वाण्याची यादी 'श्री' लिहून सुरू होते. गुरुजी सत्यनारायणाची यादी देतात, तिच्यात हळद-कुंकवापासून पंचवीस विड्याच्या पानांपर्यंत सगळं असतं आणि शेवटी 'घरचे साहित्य' म्हणून तांब्या-ताम्हनही असतं. लग्न ठरतं तेव्हासुद्धा आपल्यात 'याद्या होतात', आणि घाईच असेल तर यादी पे शादी. पण या सगळ्या याद्यांचा एक चांगुलपणा असतो. काम झालं की त्या संपतात, सुपारी बांधायला नाहीतर पुडीला जातात. ह्यांच्या याद्या लॅमिनेट केलेल्या. त्या फाटत नाहीत, भिजत नाहीत, आणि रद्दीवाला प्लॅस्टिक लागलेला कागद घेत नाही.

ह्यांचा देव म्हणजे डॉ. अतुल गावंडे. अमेरिकेतले नामांकित शल्यविशारद, पण मूळ घर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेड तालुक्यातलं उटी. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी मोठ्याने वाचायची एकोणीस कलमांची यादी त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत आपली दिल्लीही होती, तर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. ह्या यादीची मावशी विमानातली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचं नवंकोरं मॉडेल २९९ विमान चाचणीत उडालं आणि कोसळलं. उभं असताना वाऱ्याने विमानाच्या शेपटीवरचे पडदे हलू नयेत म्हणून लावलेली अडकण उडण्याआधी काढायची राहिली होती. वैमानिक कसलेला होता. विसरला. तेव्हापासून वैमानिकांनी आठवणीवर न विसंबता यादी हाती घेतली.

हे ऐकल्यावर माझा विरोध मावळला, कारण आमच्याकडेही अशी एक अडकण आहे: गॅसचं बटण. चिंचवडहून कोल्हापूरला निघालं की खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आमच्यापैकी कुणीतरी विचारतं, "गॅस बंद केला होता ना?" आजवर दोनदा तिथून गाडी मागे फिरवली आहे. दोन्ही वेळा गॅस बंद होता. दुसऱ्या वेळी परत निघताना सासूबाईंनी विचारलं, "आता आलोच होतो तर देवापाशी दिवा शांत आहे ना बघितलास का?"

म्हणून दाराला आतून चार चित्रांचा तक्ता लागला. गॅस, नळ, दिवे, किल्ली. शिवाय निघताना हे मोबाइलवर गॅसच्या बटणाचा फोटो काढणार, म्हणजे टोलनाक्यावर पुरावा. गणपतीत कोल्हापूरला निघालो. टोलनाका आला, प्रश्न आला. ह्यांनी विजयी मुद्रेने फोन काढून मागे दिला. बटण बंद. सगळ्यांनी निःश्वास टाकले. सातारा येईपर्यंत मी तो फोटो न्याहाळत होते. मग मला दिसलं की गॅसशेजारी ओट्यावर हापूसची पेटी आहे. गणपतीत हापूस? तो आंब्याच्या दिवसांतला फोटो होता, सराव म्हणून काढलेला. मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. साताऱ्याचे कंदी पेढे घेतले. काही बोलले नाही. दोन दिवस कोल्हापुरात मी एकटीच जळत्या गॅसबरोबर राहिले. घरी आलो तर गॅस बंदच होता. पण त्या दोन दिवसांत ह्यांनी किमान नऊ नातेवाइकांना तो फोटो दाखवला होता, आणि त्यांतल्या एकालाही आंबे दिसले नाहीत.

लेक स्टुटगार्टला असते. तिला व्हिडिओ कॉलवर बोर्ड दाखवला तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "बाबा, तुमचं जपान जुनं झालं. मारी कोंडो बघा." ही जपानी बाई सांगते की प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, मनात आनंदाची ठिणगी पडली तर ठेवायची, नाही पडली तर आभार मानून निरोप द्यायचा. क्रम ठरलेला: आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ, आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. आम्ही सासूबाईंच्या कपाटापासून सुरुवात केली आणि पहिल्याच लुगड्याला कळलं की या घरात सगळं शेवटच्याच प्रकारात मोडतं. त्यांना प्रत्येक वस्तूने आनंद दिला. मोडक्या छत्रीने तर इतका, की ती कुणाकडून, कुठल्या पावसात आली, हे ऐकता ऐकता जेवायची वेळ टळली. सासूबाईंना मी म्हटलं की त्या बाईला तिसरं मूल झाल्यावर तिनेही २०२३ मध्ये कबूल केलं, आता घर आवरण्याचा तितका आग्रह राहिला नाही. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "तिसऱ्याला कळतंच."

पूर्वी बोहारीण यायची. जुन्या साड्या घेऊन भांडं द्यायची. त्याला आम्ही आवरणं म्हणायचो. चार साड्या गेल्या की एक घमेलं यायचं, घमेल्याला जागा करायला पुन्हा चार साड्या काढायच्या. हिशेब कुणी केला नाही, पण कपाट रिकामं झाल्याचंही कुणाला आठवत नाही.

मला वाटतं, ह्यांची सगळी गडबड इथेच आहे. कारखान्यात लोखंड आत येतं आणि संध्याकाळी गिअर होऊन बाहेर जातं. मोकळी जागा रोज आपोआप होते. घरात माल नुसता येतो. एका संक्रांतीत मी हळदीकुंकवांना जाऊन सतरा वस्तू घेऊन येते: चहाची गाळणी, साबणाची बशी, बारकी टोपली, लायटर. नको म्हणता येत नाही, वाण आहे. पुढच्या वर्षी त्याच मी लुटते. ह्यांनी एका वर्षी शास्त्रीय प्रयोग म्हणून अकरा गाळण्यांच्या तळाला मार्करने नंबर टाकले, क्वालिटीच्या सवयीने तारखेसकट. मी त्या लुटल्या. दोन वर्षांनी, तिसऱ्या इमारतीतल्या हळदीकुंकवाला मला वाण मिळालं. घरी येऊन उलटं करून बघितलं तर सात नंबर. ह्यांना इतका आनंद झालेला मी मुलीच्या बारशानंतर पाहिला नव्हता. गाळणीवर चहाचा एक डाग नव्हता. दोन वर्षं ती सोसायटीत घरोघर फिरली होती आणि एकाही घरात राहिली नव्हती. "ही खरी जस्ट-इन-टाइम," असं म्हणून ह्यांनी ती लॅमिनेशन मशीनशेजारी शोकेसमध्ये ठेवली. म्हणजे शेवटी ती आमच्याकडेच राहिली.

सावल्यांचा बोर्ड मात्र टिकला. दर शनिवारी हे हातात पॅड घेऊन ऑडिट करतात. लाटणं जागेवर नाही, वजा दोन. मी सांगते, लाटणं माझ्या हातात आहे, पोळ्या चालू आहेत. हे म्हणतात, नोंद त्या क्षणाची असते. मग मी दोन पोळ्या कमी लाटते. हिशेब जुळतो.

दिवाळीला लेक आली. चार दिवस आजी-नात चकल्या करत होत्या. सोऱ्या फिरवताना सासूबाईंच्या मनगटाला आता जोर पुरत नाही, म्हणून दांडी नातीच्या हातात आणि चकतीवर नजर आजीची. जाताना बॅगेचं वजन करून झालं, चकल्यांचा डबा काढून ठेवावा लागला, कारण तीन किलो जास्त भरत होते. तिने डबा काढला आणि त्या जागी सोऱ्या घातला. पितळेचा. त्याने तर आणखी जास्त भरलं. मग ह्यांनी न बोलता बॅगेतून तिची दोन जाड पुस्तकं काढली.

त्या शनिवारी ऑडिटला हे बोर्डापाशी बराच वेळ उभे होते. लाटणं, झारा, उलथनं, सांडशी, किसणी, सगळं जागेवर. मी मुद्दाम लावलं होतं. खाली डाव्या कोपऱ्यात सोऱ्याची राखाडी सावली तेवढी मोकळी.

"सोऱ्या नाही," हे म्हणाले.

"माहितीये."

"लांबून पण कळतंय." मग थोड्या वेळाने, "बोर्ड बरोबर चाललाय."

वजा किती ते लिहिलं नाही. रात्री सावलीवर रंग मारून टाकावा का, असं विचारत होते. सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, "खुंटी कशाला वाया घालवतोस? पिशव्यांची पिशवी अडकव." ही पिशवी म्हणजे किराण्याच्या दुकानातून आलेल्या सगळ्या पिशव्या एका पिशवीत कोंबून झालेली. तिला आकार नाही, म्हणून तिची सावली ह्यांना कधी काढताच आली नव्हती. ती त्या खुंटीवर अडकवली तर सोऱ्याची सावली वरून थोडी, खालून थोडी दिसत राहिली, इतकंच.

सकाळी दूध तापवायला गेले तेव्हा बोर्डाशेजारी नवा लॅमिनेट केलेला फोटो होता. सोऱ्याच्या सावलीवर फुगलेली पिशव्यांची पिशवी. खाली लिहिलं होतं: 'हे असे दिसले पाहिजे. (तात्पुरते.)'